डब्यातला की सुटा

परळीत पांढरा शर्ट घालणारा माणूस दोनच जातीचा असतो. एक तर तो नुकताच बदलून आलेला असतो, नाहीतर पुढारी असतो. पहिल्याला राखेची अजून ओळख झालेली नसते, आणि दुसऱ्याकडं इस्त्रीचे जोड मुबलक असतात. बाकी आम्ही सगळे करडे, राखाडी, फार तर बदामी. थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात. वारं आमच्याकडचं असलं की मग काहीच दिसत नाही. सकाळी झाडलेल्या ओट्यावर दुपारी बोटानं नाव लिहिता येतं. आमच्या गल्लीतली अर्धी पोरं ओट्यावरच बाराखडी शिकलीत.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्याला मी जबाबदार नाही, राख जबाबदार आहे. चौकशी समिती बसली असती तर मी हेच सांगितलं असतं. पण माझ्यासाठी कधी समितीसुद्धा बसली नाही.

मी शाळेत कार्यानुभव शिकवायचो. म्हणजे खडू करणे, मेणबत्त्या करणे, फिनेल करणे. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज डॉक्टर आहेत, वकील आहेत, एक तर तहसीलदार आहे. त्यातला एकही फिनेल करत नाही, तरी मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. पण देश खुला झाला होता. परळीला हे जरा उशिरा कळलं. आधी नव्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या आल्या, मग केबल आली, मग गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बोर्ड आले, आणि सगळ्यात शेवटी आमच्या संस्थेत कॉम्प्युटर हा विषय आला. तो आला तो थेट माझ्या तासांवर येऊन बसला. मी अतिरिक्त झालो.

अतिरिक्त हा सरकारी शब्द आहे. घरात मी आधीपासूनच अतिरिक्त असल्यामुळं माझ्या बायकोला, जगदेवीला, त्याचं विशेष काही वाटलं नाही. ती हादरली ती पुढच्या वाक्यानं. अतिरिक्त मास्तरला संस्थेच्या चकलांब्याच्या शाखेत पाठवायचं ठरत होतं.

चकलांबा गेवराई तालुक्यात. परळीहून बीड, बीडहून गेवराई, आणि गेवराईहून जे मिळेल ते. गावाबद्दल माझी काही तक्रार नव्हती, मी ते पाहिलंच नव्हतं. पण आमच्या स्टाफरूममध्ये चकलांबा हे गाव नव्हतंच, ती शिक्षा होती. "जास्त बोलशील तर चकलांबा," असं शिपाईसुद्धा एकमेकांना म्हणायचे.

मीटिंगला संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव आले. पांढरे फेक कपडे, पांढरे बूट, पांढरा रुमाल. ते खुर्चीवर बसायच्या आधी त्यांचा माणूस ती खुर्ची पुसायचा, आणि ते उठले की परत पुसायचा. दुसऱ्यांदा कशाला, ते आजवर कळलेलं नाही.

"अंबाजोगाईच्या त्या संस्थेनं कॉम्प्युटर आणलाय," सुंदरराव म्हणाले. "चारशेचा. फीत कापून उद्घाटन केलं म्हणं. आपला कितीचा येतूय?"

हेडमास्तर खाली बघत म्हणाले, "साहेब, आपल्या ग्रँटमध्ये तीनशेचा बसतो."

इथं एक खुलासा. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, आणि तीनशे, चारशे हा त्याचा वेग. कशाचे तीनशे, ते त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. पण चारशे हे तीनशेपेक्षा जास्त असतात हे सुंदररावांना पक्कं माहीत होतं. निवडणुका त्याच हिशेबावर होतात.

तेवढ्यात एक आवाज आला, "साहेब, तीनशेचाच घ्या. मी तो साडेचारशेनं पळवून दाखवतो."

हा कोण मूर्ख म्हणून मी वळून बघितलं, तर सगळे माझ्याकडंच बघत होते.

माझा मेहुणा सिद्धाराम पुण्यात कॉम्प्युटरच्या लाइनीत आहे. तो दिवाळीला आला तेव्हा शेव खाता खाता बोलून गेलता, की तीनशेचा प्रोसेसर बोर्डावरची एक टोपी बदलली की साडेचारशेनं पळतो, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. ते माझ्या डोक्यात कुठंतरी पडून होतं. चकलांब्याचं नाव ऐकून ते बाहेर पडलं.

"तीनशेच्या पैशात साडेचारशे?" सुंदररावांचे डोळे चमकले. "कसं काय ओ मास्तर?"

मी समजावून सांगायला लागलो. एक विशिष्ट मर्यादा कंपनीनं दिलेली असते, पण प्रत्यक्षात क्षमता जास्त असते, वगैरे. मधेच त्यांनी मांडीवर थाप मारली.

"म्हंजे काळीपिवळी जीपच की! पासिंग नऊचं, बसवायचे एकोणीस!"

इतकी अचूक व्याख्या मला पुढं सिद्धारामच्या पुस्तकातसुद्धा सापडली नाही.

"ठरलं तर मग," सुंदरराव उठत म्हणाले, "साडेचारशे पळला तर कॉम्प्युटरचे मास्तर तुमी. न्हाई पळला तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मागं माणूस खुर्ची पुसत होता.

*

एसटीडी बूथमध्ये बिलाचे लाल आकडे पळत असले की माझं डोकं चालत नाही. मी पुण्याला सिद्धारामला फोन लावला.

"दाजी, एक नंबर! पण डब्यातला घ्यायचा का सुटा, ते आधी ठरवा."

"म्हणजे?"

"तसे दोन मिळतात. डब्यातला म्हणजे कंपनीच्या सीलबंद खोक्यात, सोबत पंखा, तीन वर्षं वॉरंटी. सुटा म्हणजे नुसता प्रोसेसर, ट्रेमधला. स्वस्त पडतो, पण पंखा नाही, वॉरंटी दुकानदाराच्या तोंडाची."

"मग डब्यातला."

"पण दाजी, सुटा असला की वरचा नंबर वाचून मलेशियाचा लॉट निवडता येतो. तो लई पळतो म्हणतात."

"मग सुटा."

"पण मग पंखा मोठा घ्यावा लागेल. आणि दाजी, एक गोष्ट अजिबात विसरू नका, काही झालं तरी कधीच..."

आणि लाइन कट झाली. परत लावली तर पुण्याच्या सगळ्या लाइनी व्यस्त आहेत असं एक बाई सांगायला लागल्या. त्यांच्या आवाजात थोडीसुद्धा काळजी नव्हती.

मी घरी येईपर्यंत ही चर्चा माझ्याआधी गल्लीत पोचली होती. बूथवाल्यानं सांगितलं असणार. परळीत गुप्त फक्त मतदान असतं, तेही जेमतेम.

आमचे शेजारी वैजिनाथअप्पा. मोंढ्यात, म्हणजे बाजारपेठेत, किराणा दुकान. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूवर मत. ते ओट्यावर येऊन बसले.

"मास्तर, सुटाच घ्या. डब्ब्यातला माल म्हंजे झाकली मूठ. आत काय हाय ते देव जाणे. सुटा माल हातात घिऊन बघता येतो, वास घेता येतो, दातानं तोडून बघता येतो."

"अप्पा, प्रोसेसर दातानं तोडायचा नसतो."

"तोडायचा नसंल, पण तोडता येतूय हे दुकानदाराला कळलं पायजे. मग त्यो वाईट माल देत न्हाई. अन् डब्ब्याचे पैसे कावून द्यायचे? डब्बा कॉम्प्युटरात बसवणार हाव का?"

आतून जगदेवी बाहेर आली. "अप्पा, मागल्या खेपेला तुमच्याकडनं सुटं तिखट आणलं, त्यात विटकर निघालती."

"विटकर न्हाई बाई, तो मिरचीचा रंग व्हता."

"पाण्यात टाकलं तर तळाला बसलं. मिरची तळाला बसती का?" ती माझ्याकडं वळली. "अहो, तुम्ही डब्यातलाच आणा. सुट्या मालात वीट निघते."

त्या दिवसापासून गल्लीत दोन पक्ष पडले. डबा पक्ष आणि सुटा पक्ष. समोरच्या मुक्ताबाई डबा पक्षात गेल्या, कारण डबा रिकामा झाला की तो आपल्याला मिळेल असं त्यांना वाटत होतं. शाळेचा क्लार्क सुट्याच्या विरोधात होता. सुट्या मालाला तीन दुकानांची कोटेशनं मिळत नाहीत, असं त्याचं म्हणणं. बरं, डब्यातल्याची मिळतात का, तर म्हणे, "ती बी मिळत न्हाईत, पण ती न मिळण्याची पद्धत हाय." ज्याला प्रोसेसर बसवायचा होता, त्या मला मात्र कुणी विचारत नव्हतं. घरातल्या लग्नात नवरदेवाला जेवण मिळालं का हे विचारायचं राहून जातं, तसं.

*

खरेदीला हैदराबादला जायचं ठरलं. परळीहून सरळ गाडी, आणि अप्पांना तसंही चिंच विकायला जायचंच होतं. मला सोबत झाली. पुढं वाटलं, सोबत नसती तर बरं झालं असतं.

दुकानदार मोठा अदबशीर होता. "बोलो साब, डब्बेवाला होना की खुल्ला?"

मी म्हणणार होतो, डब्बेवाला. तोंड उघडलंही होतं. जगदेवीचा शब्द, तीन वर्षांची वॉरंटी, पंखा, सगळं जिभेवर होतं. तेवढ्यात अप्पा बोलले, "पयले दोनो दिखाव."

त्यानं एक छान निळं खोकं पुढं ठेवलं, आणि शेजारी काळ्या ट्रेमध्ये सात-आठ सुटे प्रोसेसर, कापलेल्या बर्फीच्या वड्यांसारखे. अप्पांनी खोकं कानाशी धरून हलवलं. मग ट्रेमधला एक उचलला, उलटा केला, उजेडात धरला, आणि खरोखर वास घेतला.

"ओ चचा, सूंघने की चीज नहीं है," दुकानदार म्हणाला.

"हमकू मत सिकाव. चालीस साल से मोंढे में हूँ." अप्पांनी तो खाली ठेवला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. "मास्तर, कुठला पायजे म्हणलं तुमच्या मेहुण्यानं?"

"मलेशिया."

"मलेशिया दिखाव. ताजा."

दुकानदारानं हात जोडले. पण अप्पांनी त्याला सोडलं नाही. त्यांनी नंबर वाचून मलेशियाचे वेगळे केले, त्यातला सगळ्यात जड कोणता ते दोन्ही तळहातांवर तोलून बघितलं, आणि एक निवडला. मला सांगायला लाज वाटते, पण तोवर माझाही सुट्यावर जीव जडला होता. इतक्या निगुतीनं माझ्यासाठी आजवर कुणी काही निवडलेलं नाही. माझं लग्नसुद्धा फोटोवरून ठरलं होतं.

"साब, ओव्हरक्लॉक करेंगे?" दुकानदारानं विचारलं.

"हो."

"फिर वॉरंटी दोनो में नक्को समझो. पर पंखा जरूर ले लेव."

आणि इथं माझं नशीब त्या काउंटरवर, ताजमहालाच्या प्लास्टिकच्या प्रतिकृतीशेजारी, फिरलं.

"पंखा?" अप्पा हसले. "मास्तर, पंखा तुमच्या घरी हाय. छताला हाय, टेबलावरचा हाय, अन् खिडकीला तर कूलर हाय! तीन-तीन असताना चौथा कावून? हवा ती हवा."

दुकानदार माझ्याकडं बघत राहिला. मी कार्यानुभवाचा मास्तर. हवा ती हवा, यात चूक काय ते मला काउंटरवर सापडेना. हिशेबाचं इथं मी काही लिहीत नाही, जखम नुकती भरत आलीय. पण अप्पांनी शेवटी किराण्याच्या रिवाजाप्रमाणं वरचं मागितलंच. तिखट घेतलं की चिमूटभर वर टाकतात, तसं. दुकानदारानं वैतागून पांढऱ्या मलमाची एक इवलीशी ट्यूब वर टाकली. "ये बीच में लगाने का."

"बघा," बाहेर आल्यावर अप्पा म्हणाले, "डब्ब्यात ही मिळाली असती का?"

पुढं कळलं, डब्यातल्याला ती आधीच लावलेली असते.

*

सिद्धाराम सुट्टी काढून आला. बाकीचा कॉम्प्युटर संस्थेनं आमच्याच घरी आणून टाकला होता, कारण शाळेतल्या कॉम्प्युटर-रूममध्ये अजून माझं फिनेल होतं. सिद्धारामनं माल बघितला.

"दाजी, सुटा?"

"मलेशियाचा आहे."

"आणि पंखा?"

मी छताकडं बघितलं. सिद्धारामही छताकडं बघायला लागला. मग आम्ही दोघांनी काही वेळ नुसताच पंखा बघितला.

"फोनवर मी शेवटी काय म्हणत होतो?" तो हळूच म्हणाला. "काही झालं तरी कधीच पंख्याशिवाय सुटा घेऊ नका."

तरी पोरगा गुणी. त्यानं मलम लावलं, वर उष्णता ओढून घेणारी ॲल्युमिनियमची पन्हाळी बसवली, आणि बोर्डावर एक काळी प्लास्टिकची टोपी, तुरीच्या दाण्याएवढी, एका जागची काढून शेजारच्या जागी लावली. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात आलं, ४५०.

जगदेवीनं सुद्धा हात जोडले. मी तर त्या आकड्याकडं असा बघत होतो, जसा पहिल्या पगाराकडं बघितला होता. दहावीचा निकाल लागल्यावर मला असं वाटलं नव्हतं, पण तेव्हा तसं वाटण्यासारखा निकालही नव्हता. चहा संपायच्या आत पडदा गोठला. पन्हाळीला बोट लावलं तर चटका बसला.

"तीनशेवर ठेवा," सिद्धाराम म्हणाला. "पुण्याला गेलो की पंखा पार्सलनं पाठवतो. तो आला की टोपी बदला. तोवर साडेचारशेचं नाव काढू नका."

त्यानं पंखा पाठवला. लक्झरी बसच्या पार्सलनं, वेळेत. मी घ्यायला गेलो. पार्सलवाल्यानं पावती वाचली, मग पुडक्याकडं बघितलं. पुडकं दोन काड्यापेट्यांएवढं.

"मास्तर, पावतीवर पंखा लिहिलंय."

"हा पंखाच आहे."

"येवढा? ह्यात पंख्याची पाती बी मावत न्हाईत. रस्त्यात कुणीतरी पंखा काढून घेतला, अन् ही पेटी ठिवली. तुमी सही करून मागनं पंखा न्हाई म्हणलं की नुकसानी आमच्यावर."

"उघडून बघा ना."

"उघडलं तर म्हणतान तुमीच काढला."

मी त्याला कॉम्प्युटर म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यानं मला नियम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्याचं ऐकावं लागलं. पंखा तपासणीसाठी पुण्याला परत गेला.

आणि त्याच दिवशी सुंदररावांचा निरोप आला. रविवारी येतो, साडेचारशे बघायचाय, साप्ताहिकाचा फोटोवाला घिऊन.

*

मग मी ते केलं, जे परळीतल्या कुठल्याही विचारी माणसानं मे महिन्यात केलं असतं. कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं, टेबल खिडकीशी लावलं, कूलरचं तोंड बरोबर त्या उघड्या बाजूवर आणलं, कूलरमध्ये पाणी भरलं, टोपी बदलली आणि बटण दाबलं.

चहा संपला. जेवण झालं. वामकुक्षी झाली. ४५० चालूच. अप्पा म्हणाले, "सांगितलतं का न्हाई? हवा ती हवा." मला त्यांच्या पाया पडावं वाटलं.

घरातला एकमेव कूलर कॉम्प्युटरला गेल्यामुळं आम्ही सगळे कॉम्प्युटरच्या मागं बसायला लागलो, उरलीसुरली हवा घ्यायला. मुक्ताबाई चिंचा फोडायचं सूप घेऊन यायला लागल्या. "मास्तर, तुमच्या कॉम्प्युटरची हवा लई गार हाय ओ. आमच्या ह्यांना म्हणलं, आपून बी येक घिऊ." त्यांच्यामागून त्यांच्या जावा आल्या. मी पडद्यावर सुंदररावांचं नाव मराठीत लिहायची तालीम करायचो, आणि मागं चिंचोके टपाटप पडायचे.

कूलर बाहेरची हवा आत घेतो, आणि बाहेरच्या हवेत काय असतं ते मी सुरुवातीलाच सांगितलंय. त्यात ओला वाळा, त्यातून उडणारे पाण्याचे बारीक तुषार. मी रोज पडदा पुसायचो. आत मात्र हात लावला नाही. सिद्धारामनं आत हात लावू नका म्हणून बजावलं होतं, आणि मी सांगितलेलं ऐकतो. फक्त चुकीच्या ठिकाणी ऐकतो.

रविवारी सकाळपासून लाइट नव्हती. ती ऐनवेळी आली, तेव्हा मी नवस फेडल्यासारखे हात जोडले. सुंदरराव आले. उन्हातून आलेले, पण कपडे असे पांढरे की खोलीत उजेड पडला. मागं फोटोवाला, हेडमास्तर, क्लार्क, आणि खुर्ची पुसणारा. मी बटण दाबलं. ४५०. फोटोवाल्यानं फोटो काढला. हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. नोकरीच्या आयुष्यात पहिल्यांदा.

"वा मास्तर! एकोणीस बसवले!" सुंदरराव म्हणाले. "आता चालवून दावा. पण ही काय पद्धत हाय? पावना घामानं भिजलाय, अन् कूलर डब्ब्याकडं?"

जगदेवी शरमली. दारी आलेल्या पाहुण्याला उकाड्यात बसवायचं, ही आमच्याकडं शोभणारी गोष्ट नव्हे. तिनं कूलरचं तोंड फिरवायला हात घातला. मी झेप घेतली.

"नको! म्हणजे... साहेब, तिकडं... जरा अडचण आहे."

"कसली अडचण?"

मी कूलर वळवला तर पडदा गोठणार. न वळवला तर पाहुण्याचा अपमान. इकडं नोकरी, तिकडं रीत. दोन्हीचं तोंड एकाच कूलरला. अशा वेळी माणसाला देव आठवतो. मला अप्पा आठवले, कारण ते शेजारीच उभे होते.

"सोपं हाय की," अप्पा म्हणाले. "सायबांची खुर्ची कॉम्प्युटरच्या मागं लावा. हिकडून हवा आली की डब्ब्यातून तिकडं सायबाला. येका हवेत दोघं गार."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे लिहून ठेवतो. पुसणाऱ्यानं खुर्ची पुसून मागं लावली. सुंदरराव बसले. मी त्यांचं नाव टाइप करायला लागलो.

"हवा लागत न्हाई ओ," ते म्हणाले.

"आत्ता लागती," म्हणून अप्पांनी कूलरचं बटण फिरवून शेवटच्या खुणेला नेलं.

इतके दिवस कूलर मंद होता, आणि राख ओली होऊन थरावर थर बसत होती. त्या सकाळी लाइट नसल्यामुळं वरचा थर चांगला वाळला होता. कूलरनं जोर केला, आणि त्या उघड्या डब्यातून एक करडा ढग उठला. घाई न करता उठला. उठला, क्षणभर थांबला, आणि मग सगळाच्या सगळा सुंदररावांवर गेला.

ढग खाली बसला तेव्हा पडद्यावर फक्त 'सुंदर' एवढंच उमटून गोठलं होतं, आणि त्याच्या मागं, नेमके बरोबर मधोमध, सुंदरराव बसले होते. कपाळ, मिशा, सदरा, बूट, सगळं एकाच रंगाचं. फक्त डोळे उघडे होते. फोटोवाल्याचं बोट सवयीनं दाबलं गेलं.

अप्पांनीच हात जोडले. "सायेब... वैजनाथाचं भस्म समजा."

सुंदररावांनी पांढरा रुमाल काढला, तोंडावरून फिरवला, रुमालाकडं बघितलं, आणि एकच शब्द बोलले.

"चकलांबा."

ते गेल्यावर मी प्रोसेसर बाहेर काढला. पन्हाळीच्या फटींत राख अशी घट्ट बसली होती की स्क्रू-ड्रायव्हरनं ठोकावी लागली. कपच्या निघाल्या. आमच्याकडं थर्मलच्या राखेच्या विटा करतात, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलोय. जगदेवीनं एक कपची उचलली, बोटांत दाबून बघितली.

"मी काय म्हणले होते? सुट्या मालात वीट निघते."

अप्पा गप्प बसले. मी त्यांना इतकं गप्प आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. तेवढंच समाधान.

*

चकलांब्याला माझ्याबरोबर कॉम्प्युटरलाही पाठवलं. त्यालाही अतिरिक्त ठरवलं होतं. टेम्पोत आम्ही दोघं शेजारी बसून गेलो. जगदेवी पुढं ड्रायव्हरपाशी बसली, कारण ती माझ्याशी बोलत नव्हती.

तिथं पोचल्यावर पंखा मिळाला. तो पुण्याला जाऊन, तपासला जाऊन, 'पंखाच आहे' असा शेरा घेऊन परत आलता. मी बसवला. टोपी बदलली. ४५०. चहा झाला, जेवण झालं, शाळा सुटली. ४५०. आठवडे गेले, एकदाही गोठला नाही. गावात राख नाही, हवा मोकळी. लाइट आली की पोरं कॉम्प्युटर शिकतात, गेली की खडू करतात. दोन्ही विषय सुरळीत चाललेत. कितीनं पळतो हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. त्यांना फक्त त्यावर बैलाचं चित्र काढता येतं का, एवढंच पाहिजे होतं.

आणि मग एक दिवस जगदेवीनं दोरीवर वाळत घातलेला माझा शर्ट मला दिसला. मी ओळखला नाही. शेजाऱ्याचा असेल म्हणून सोडून दिला. तो माझाच होता, लग्नातला. तो मुळात पांढरा होता, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. "हितं एकदाच झाडावं लागतं," ती म्हणाली. टेम्पोनंतरचं तिचं ते पहिलं लांब वाक्य.

झेंडावंदनाला सुंदरराव शाखेवर यायचे होते. आदल्या दिवशी हेडमास्तरांचा निरोप आला, की चकलांब्याला साडेचारशे पळतो असं साहेबांच्या कानावर गेलंय, खरं असलं तर कॉम्प्युटर आणि मास्तर दोन्ही परत परळीला. म्हणजे ज्यासाठी एवढा आटापिटा केला, ते दारात येऊन उभं राहिलं होतं. निरोप ऐकून जगदेवी दोरीवरचा शर्ट काढून घडी घालायला लागली, आणि घडी घालून झाली तरी हात फिरवत राहिली.

झेंडा झाल्यावर सुंदरराव आत आले. नवे पांढरे कपडे. कॉम्प्युटरपासून चार हात लांब उभे राहिले, आणि आधी खिडकीत कूलर नाही याची खात्री करून घेतली. मागं अप्पा पण होते, जीपमध्ये जागा होती म्हणून आलते.

"काय मास्तर, पळतूय का साडेचारशे?"

मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. ३००.

सकाळी झाडून झाल्यावर मी ती टोपी परत तीनशेच्या जागी लावून ठेवली होती.

"तीनशेच हाय की ओ!"

"हो साहेब. नऊचं पासिंग, नऊच बसवलेत."

सुंदररावांनी नाक मुरडलं. "मग ऱ्हाऊ द्या हितंच दोघांला." आणि ते चहाला गेले.

अप्पा मागं थांबले. त्यांनी पंख्याला हात लावून बघितला, वाकून टोपीकडं बघितलं, मग माझ्या पांढऱ्या शर्टाकडं. मोंढ्यातला माणूस, त्याला माल बघून कळतं.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "येक खोली मिळंल का ओ हितं भाड्यानं?"